पासवर्ड बरोबर, तरी दार बंद!
घरचा संगणक आणि फायलींची पेटी यांचे भांडण कसे सोडवावे



"अरे, पासवर्ड तोच आहे रे, पण हा मेला घेतच नाही!"

हे वाक्य आम्ही गेल्या काही महिन्यांत इतक्या वेळा ऐकले आहे की शेवटी म्हटले, एकदा सगळे लिहूनच काढावे. आम्ही दोघे नवराबायको आयटीतले, दोघांचीही ऑफिसे वन-नॉर्थला. ज्यांचे तिकडे येणे झाले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम एक अंश उत्तरेला आहे, म्हणून या भागाचे नाव वन-नॉर्थ. आराखडा झाहा हदीद यांच्या कार्यालयाचा. बायोपोलिस २००३ साली सुरू झाले, फ्यूजनोपोलिस २००८ साली आणि सर्कल लाइनचे स्टेशन २०११ साली. दिवसभर आम्ही तिथे मोठमोठ्या सर्व्हरांची मर्जी सांभाळतो आणि संध्याकाळी ओळखीच्यांच्या घरातल्या लहानशा पेटीपुढे मांडी घालून बसतो. खरे सांगायचे तर ही लहान पेटीच जास्त घाम काढते!

पेटी म्हणजे अर्थातच नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा फाइल सर्व्हर. आत दोन-चार हार्ड डिस्क, मागे नेटवर्कची एक वायर, आणि घरातल्या सगळ्या संगणकांना व फोनना तिच्यातल्या फायली दिसतात. आमच्या सासूबाई तिला 'नास' म्हणतात. "घरात नास कशाला आणून ठेवलाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. पण सांगलीच्या घरातले जुने अल्बम स्कॅन करून आम्ही त्यात ठेवले आणि टीव्हीवर त्यांच्या लग्नातली पंगत दिसली, तेव्हापासून त्या पेटीवर रोज फडके फिरते.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांत अशा पेट्या बऱ्याच आहेत. मुलांचे जन्मदाखले, जुने पासपोर्ट, गावच्या जमिनीच्या उताऱ्यांची स्कॅन, बारशापासूनचे व्हिडिओ, गेलेल्या माणसांचे आवाज, सगळे तिच्यातच. म्हणून तिचे दार उघडेनासे झाले की जीव खालीवर होतो, आणि घाईघाईत चुकीचे बटण दाबले जाते. तसे होऊ नये म्हणून हा लेख.

घिम मोहच्या काकूंची गोष्ट

आमच्या ओळखीच्या एक काकू घिम मोहच्या नव्या ब्लॉकमध्ये राहतात, वन-नॉर्थपासून अगदी जवळ. काका दोन वर्षांपूर्वी गेले. घरातले संगणक, राउटर, पेटी हे सगळे काकाच बघत. १९९८ सालापासूनचे फोटो त्यांनी वर्षवार लावून ठेवले होते. शिवाय काकूंच्या आईने म्हटलेल्या ओव्या एका जुन्या टेपवर होत्या, त्याही त्यांनी त्यात उतरवून घेतल्या होत्या. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

२०२५च्या ऑक्टोबरात विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार संपला. त्याच सुमारास पुष्कळ घरांत नवे लॅपटॉप आले, तसा काकूंकडेही दिवाळीनंतर आला. जुना त्यांनी लगेच पुसून देऊन टाकला. नव्यावरून पेटी उघडायला गेल्या तर 'पत्ता सापडत नाही' असा संदेश. मुलगा दुसऱ्या देशात. त्याने फोनवर सांगितले, "आई, बाबांचा पासवर्ड चुकत असेल. पेटीच्या मागे बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालून रीसेट कर." काकूंनी टाचणी हातात घेतलीही होती. पण का कोण जाणे, आधी त्यांनी आम्हाला फोन केला. आम्ही म्हणालो, "काकू, टाचणी खाली ठेवा, आम्ही येतोय."

पुढे काय झाले ते सांगतोच. त्याआधी हे भांडण नेमके कशावरून होते ते समजून घेऊ.

चार दारे

पुण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत तुम्ही कोणाला भेटायला गेला आहात असे समजा. पहिले, सोसायटीचे फाटक सापडले पाहिजे. दुसरे, वॉचमनला तुमची भाषा कळली पाहिजे. तिसरे, तुम्ही कोण ते त्याला पटले पाहिजे. चौथे, तुम्हाला ज्या फ्लॅटमध्ये जायचे आहे तिथल्या लोकांनी तुम्हाला आत घेतले पाहिजे.

संगणक आणि पेटी यांच्यातही हीच चार दारे असतात: पत्ता, भाषा, ओळख आणि परवानगी. चारांपैकी कोणतेही एक बंद असले तरी आपल्याला दिसते ते एवढेच की फोल्डर उघडत नाही. मग आपण पासवर्डलाच दोष देतो, कारण आपल्या हातात तेवढेच असते.

आता एक गंमत. आपण पासवर्ड टाइप करतो तेव्हा तो जसाच्या तसा पेटीकडे जात नाही. पेटी लॅपटॉपला एक आकडा देते, दर वेळी वेगळा. लॅपटॉप तो आकडा आणि तुमचा पासवर्ड यांचे ठरावीक गणित करून उत्तर पाठवतो. पेटी आपल्याकडे तेच गणित करून बघते. उत्तरे जुळली तर आत, नाहीतर बाहेर. म्हणजे पासवर्ड अगदी बरोबर असला, पण दोघांची गणिताची रीत वेगळी असली, तरी उत्तर जुळत नाही. आणि पडद्यावर येते: 'वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड चुकीचा'. बिचाऱ्या पासवर्डचा यात काही दोष नसतो.

लॅपटॉप एवढा कडक का झाला?

फायली वाटून घ्यायच्या या भाषेचे नाव एसएमबी. ती १९८३च्या सुमारास आयबीएममध्ये जन्मली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती उचलली, आणि कॅनबेराच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची मोफत आवृत्ती लिहायला घेतली, तिचे नाव सांबा. आज घरोघरीच्या बहुतेक पेट्यांच्या पोटात हाच सांबा असतो. (सांबारशी संबंध नाही!)

आम्ही सांगलीत इंजिनिअरिंगला होतो तेव्हा होस्टेलच्या नेटवर्कवर प्रत्येकाचे फोल्डर सताड उघडे असायचे. ना नाव, ना पासवर्ड. परीक्षेच्या आदल्या रात्री पूर्ण विंग एकाच्या नोट्सवर जगायची. त्या काळी सगळ्यांना असाच विश्वास होता.

विश्वास हळूहळू उडत गेला. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टाने जुन्या रीतीचे गणित पाठवणे बंद करून नवी रीत धरली, आणि तेव्हाच्या कित्येक पेट्या रातोरात परक्या झाल्या. पण खरा दणका २०१७ साली बसला. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाची खंडणीखोर कीड जगभर पसरली. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतली एक फट तिला सापडली होती. ती बुजवण्याचे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते, पण पुष्कळांनी ते घेतलेच नव्हते. इथे सिंगापुरात तियोंग बारू प्लाझाच्या माहितीफलकांवर खंडणीची नोटीस झळकली. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, त्याच फटीचा उपयोग करणाऱ्या 'नॉटपेट्या'ने मर्स्क कंपनीला गाठले आणि मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे काम अडले. म्हणजे आपल्या दोन्ही घरांच्या अंगणात हा साप येऊन गेला आहे.

त्यानंतर त्याच वर्षापासून विंडोजने एसएमबीची पहिली आवृत्ती टप्प्याटप्प्याने काढून टाकली. २०२४च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज ११च्या '२४एच२' आवृत्तीने आणखी तीन गोष्टी केल्या. व्यावसायिक म्हणजे 'प्रो' प्रकारात प्रत्येक निरोपावर सही, म्हणजे 'सायनिंग', सक्तीचे केले. त्याच प्रकारात बिनपासवर्डच्या पाहुण्याला, म्हणजे 'गेस्ट'ला, जाणे बंद केले. आणि जुन्या गणिताची पहिली रीत, एनटीएलएमची पहिली आवृत्ती, काढूनच टाकली.

तात्पर्य काय, तर लॅपटॉप बिघडलेला नाही, तो शहाणा झाला आहे. पेटी मात्र तुम्ही घेतली त्या वर्षातच राहिली आहे. म्हणून पहिला नियम: पेटीला वर आणा, लॅपटॉपला खाली ओढू नका.

आता दाराने दाराने जाऊ

सर्वांत आधी एक परीक्षा करा. लॅपटॉपच्या किंवा फोनच्या ब्राउझरमध्ये पेटीचा आकडी पत्ता टाका. हा पत्ता राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत मिळतो, आणि तो बहुधा १९२.१६८ने सुरू होतो. पेटीचे स्वतःचे पान उघडले आणि तिथे पासवर्ड चालला, तर अर्धी लढाई जिंकलात. पेटी जिवंत आहे आणि पासवर्डही बरोबर आहे. दोष मधल्या वाटेत आहे.

पान उघडले की लगेच सेटिंगमध्ये हात घालू नका. आधी नक्कल काढा. बहुतेक पेट्यांना यूएसबीचे भोक असते. तिथे एक बाहेरची डिस्क लावा आणि पेटीच्याच पानावरून फोटो तिच्यावर उतरवा. रात्रभर लागला तरी चालेल. त्यानंतर तुमचा हात थरथरणार नाही.

पहिले दार: पत्ता. 'मार्ग सापडत नाही' किंवा त्रुटी क्रमांक ५३ असे आले तर पासवर्डचा विचारसुद्धा करू नका, कारण अजून फाटकच सापडलेले नाही. हे तपासा:

१. लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायवर तर नाही ना? पाहुण्यांच्या जाळ्यातून घरातली उपकरणे मुद्दामच दिसत नाहीत.

२. घरात दोन राउटर आहेत का? इंटरनेट कंपनीचा एक आणि तुम्ही सेलमध्ये घेतलेला दुसरा. दोघेही आपापले पत्ते वाटत असतील तर लॅपटॉप एका गल्लीत आणि पेटी दुसऱ्या गल्लीत. दुसऱ्याला 'ब्रिज' किंवा 'अॅक्सेस पॉइंट' करून ठेवा.

३. पेटी शेल्टरमध्ये आहे का? इथे १९९७च्या कायद्यानंतर बांधलेल्या फ्लॅटमध्ये ती जाड काँक्रीटची, लोखंडी दाराची खोली असते. आपण तिची अडगळीची खोली करतो आणि पेटीही तिथेच ढकलतो. त्या भिंतींतून वायफाय जेमतेम पोचते. वर दार बंद, म्हणजे पेटी उकडूनही निघते. तिला राउटरशेजारी, वायरने जोडून ठेवा.

४. राउटर बंद-चालू झाल्यावर पेटीचा पत्ता बदललेला असू शकतो. राउटरमध्ये तो पत्ता तिच्या नावाने राखून ठेवा, म्हणजे पुन्हा शोधाशोध नको.

५. विंडोजमध्ये घरचे जाळे 'सार्वजनिक' असे नोंदले गेले असेल तर ते 'खाजगी' करा. मॅक असेल आणि २०२४ची सिकोया किंवा नंतरची प्रणाली असेल, तर स्थानिक नेटवर्क बघण्याची परवानगी त्या त्या अॅपला वेगळी द्यावी लागते. खाजगीपणाच्या सेटिंगमध्ये ती बघा.

दुसरे दार: भाषा. पेटीच्या पानावर 'फाइल सर्व्हिसेस' किंवा तत्सम ठिकाणी एसएमबीचे सेटिंग असते. तिथे सर्वांत वरची आवृत्ती तीन आणि सर्वांत खालची दोन ठेवा. जुन्या पेट्यांत वरची मर्यादाच एकवर अडकलेली आढळते, आणि नव्या लॅपटॉपला नेमकी तीच बोलता येत नाही. 'क्रिप्टोग्राफिक सही अवैध' असा काही संदेश आला तर तिथेच 'सर्व्हर सायनिंग' चालू करा. हे पर्यायच दिसत नसतील तर आधी पेटीची प्रणाली अद्ययावत करा (नक्कल काढून झाल्यावरच!). तरीही दिसले नाहीत तर पेटी निवृत्तीला आली आहे असे समजा. डिस्कमधले सामान हलवा आणि तिला निरोप द्या.

तिसरे दार: ओळख. सर्वांत जास्त घोळ इथे होतो.

१. लॅपटॉप उघडायचा पिन हा पासवर्ड नव्हे. तो फक्त त्याच लॅपटॉपपुरता असतो, नेटवर्कवर त्याला काही किंमत नाही. तसेच तुमचा ईमेल पत्ता आणि त्याचा पासवर्ड पेटीला माहीत नसतो. पेटीत जे नाव नोंदले आहे तेच द्या.

२. नाव देऊनही लॅपटॉप आपलेच नाव पुढे करतो. तेव्हा नावाच्या जागी आधी पेटीचे नाव, मग उलटी तिरपी रेघ, मग वापरकर्त्याचे नाव असे लिहा. म्हणजे 'मी या लॅपटॉपचा नव्हे, त्या घरचा माणूस' हे स्पष्ट होते.

३. जुना पासवर्ड लॅपटॉपने लक्षात ठेवलेला असतो आणि तुम्हाला न विचारता तोच पाठवत राहतो. कंट्रोल पॅनेलमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडा, 'विंडोज क्रेडेन्शियल्स'मध्ये पेटीच्या नावाची आणि तिच्या आकडी पत्त्याची, दोन्ही नोंदी काढून टाका. मॅकवर हेच काम 'कीचेन'मध्ये करा.

४. त्रुटी १२१९ आली तर अर्थ असा की एकाच पेटीशी तुम्ही एकाच वेळी दोन नावांनी बोलू पाहत आहात. जोडलेले सगळे ड्राइव्ह तोडा, लॅपटॉप पुन्हा सुरू करा आणि एकाच नावाने जा.

५. कळफलक! आपल्यापैकी बरेच जण मराठी टाइप करतात. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे भाषा मराठीवर राहिली आहे हे कळतच नाही. लंडनहून आणलेल्या लॅपटॉपवर 'अॅट'ची खूण आणि दुहेरी अवतरण यांच्या जागा उलट्या असतात, तेही लक्षात ठेवा. पासवर्ड आधी साध्या नोटपॅडमध्ये टाइप करून डोळ्यांनी बघा, मग पुसा.

६. पाच-दहा वेळा चुकले की पुष्कळ पेट्या त्या संगणकाचा पत्ताच काळ्या यादीत टाकतात. मग बरोबर पासवर्डही चालत नाही. दुसऱ्या उपकरणावरून पेटीच्या पानावर जाऊन ती यादी मोकळी करा. आणि कपाटातला जुना टॅबलेट जुना पासवर्ड घेऊन दर मिनिटाला दार ठोठावत नाही ना, तेही बघा!

७. फोनवर येणारा सहा आकडी कोड नाकारला जात असेल तर पेटीचे घड्याळ बघा. हे कोड वेळेवरून बनतात आणि साधारण दर ३० सेकंदांनी बदलतात. पेटी काही मिनिटे मागे असली की कोड शिळा ठरतो. पेटीला वेळ इंटरनेटवरून आपोआप घ्यायला लावा.

चौथे दार: परवानगी. पेटीत शिरता येते, फोल्डरची नावे दिसतात, पण एखादे फोल्डर उघडायला गेले की 'परवानगी नाही', त्रुटी ५. इथे पासवर्ड बदलून काही होत नाही. पेटीच्या पानावर त्या फोल्डरच्या सेटिंगमध्ये तुमच्या नावापुढे वाचण्याची किंवा लिहिण्याची खूण करा. नवे खाते काढल्यावर हे करायचे हमखास राहून जाते.

जे चुकूनही करू नये

इंटरनेटवर शोधले तर या प्रत्येक दुखण्यावर एक झटपट उपाय सापडतो: लॅपटॉपवर एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करा, गेस्टला परवानगी द्या, सहीची सक्ती काढा. याने दार उघडते हे खरे. पण कुलूप उघडत नाही म्हणून चौकटच उखडून ठेवण्यासारखे आहे ते. त्याच लॅपटॉपवर तुमची बँकही चालते, हे विसरू नका.

दुसरे, भारतातल्या आईबाबांना फोटो दिसावेत म्हणून राउटरमध्ये भोके पाडून पेटी थेट इंटरनेटवर मांडू नका. जून २०२१मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या जुन्या उपकरणांवरचा मजकूर जगभर दूरवरून पुसला गेला. जानेवारी २०२२मध्ये 'डेडबोल्ट' या खंडणीखोराने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या पेट्या कुलूपबंद केल्या. घराबाहेरून यायचे तर व्हीपीएनने या. वायरगार्डसारखी सोय आता कित्येक राउटरांतच असते.

आणि तिसरी ती टाचणी. रीसेट म्हणजे काय हे प्रत्येक पेटीत वेगळे असते. काहींत थोडा वेळ दाबले तर फक्त मुख्य पासवर्ड आणि नेटवर्कचे सेटिंग मूळपदावर येते, जास्त वेळ दाबले तर प्रणालीच नव्याने घालावी लागते. काही उपकरणांत डेटाही जातो. आपल्या पेटीचे पुस्तक वाचल्याशिवाय टाचणीला हात लावू नका.

काकूंकडे काय झाले?

आम्ही पोचलो तेव्हा पेटी शेल्टरमध्ये, सुटकेसांच्या मागे होती. दिवे हिरवे होते. काकांच्या डायरीत विम्याच्या हप्त्यांच्या यादीखाली पेटीचे नाव, खात्याचे नाव आणि पासवर्ड सुवाच्य अक्षरात लिहिलेला सापडला. पण तो बघण्याआधी आम्ही इंजिनिअर मंडळींनी काय केले? आपापल्या अंदाजाने पासवर्ड टाकून बघितले, आणि पाच वेळा चुकून पेटीच्या काळ्या यादीत जाऊन बसलो! मग फोनच्या ब्राउझरवरून डायरीतल्या पासवर्डने पान उघडले आणि ती यादी मोकळी केली. काकू शांतपणे म्हणाल्या, "ह्यांनी असते तर आधी डायरी बघितली असती."

काकांचा पासवर्ड पहिल्यापासून बरोबर होता. त्या रात्री आम्ही कशालाही हात लावला नाही, फक्त बाहेरची डिस्क लावून नक्कल सुरू केली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी बघितले तर एसएमबीची वरची मर्यादा एकवर होती. जुन्या लॅपटॉपला ती भाषा येत होती, नव्याला येत नव्हती. ती वाढवली तशी 'पत्ता सापडत नाही' गेले आणि 'पासवर्ड चुकीचा' आले. काकूंचा चेहरा पडला, आम्हाला मात्र आनंद झाला, कारण दोन दारे उघडली होती! काकू आपला ईमेल आणि लॅपटॉपचा पिन देत होत्या. पेटीत त्यांचे खातेच नव्हते, काकांचे एकच होते. काकूंच्या नावाने नवे खाते काढले, गेस्ट बंद केला, लॅपटॉपने लक्षात ठेवलेल्या चुकीच्या नोंदी काढल्या, फोल्डरांवर परवानगीच्या खुणा केल्या.

रात्री साडेनऊच्या सुमारास 'आई-ओव्या' हे फोल्डर उघडले. काकू काही बोलल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून ऐकत बसल्या. आम्ही स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला.

जाता जाता

मंडळी, विंडोज आणखी कडक होईल, पेट्या आणखी जुन्या होतील. ते आपल्या हातात नाही. पण या शनिवारी अर्धा तास काढून तीन गोष्टी करता येतील.

एक, घरातल्या प्रत्येकाचे पेटीत स्वतःचे खाते असू द्या, आणि पेटीची सगळी सूत्रे असलेले मुख्य खाते निदान दोघांना उघडता येऊ द्या. दोन, पेटीचे नाव, पत्ता, खाती आणि पासवर्ड एका कागदावर लिहून पासपोर्टांसोबत कुलपात ठेवा. संगणकाच्या माणसांना कागदाचे वावडे असते, पण काकांच्या डायरीने आम्हाला गप्प केले. तीन, पेटीची एक नक्कल पेटीबाहेर ठेवा, जमल्यास दुसऱ्या घरात. पेटीत दोन डिस्क आहेत म्हणजे नक्कल आहे असे नव्हे. पुसले गेले तर दोन्हीकडून एकदमच पुसले जाते.

आपल्याकडे बहुतेक घरांत पेटीचे काम एकच माणूस बघतो. त्या माणसाला आमची विनंती, आज जेवण झाल्यावर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी शेजारी बसवा आणि त्यांच्या हाताने पेटी उघडून घ्या. तुम्ही मागे हात बांधून उभे राहा, माउस अजिबात धरायचा नाही!

तरीही एखादे दार उघडले नाहीच, तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात आम्हाला गाठा. बहुधा चहाच्या टेबलाजवळच असू.

कळावे, लोभ असावा.